ह्यांचं शेवटचं वकीलपत्र

आमचे हे खासदार झाले ते एकदाच. त्याआधी तालुक्याच्या कोर्टात वकिली करायचे, आणि जीव होता तो तिथेच. तलासरीकडच्या पाड्यावरच्या कुणासाठी उभे राहिले की आवाज बाहेर चहाच्या टपरीपर्यंत यायचा. दिल्लीत त्यांना कधी करमलंच नाही. पुढच्या निवडणुकीत पडले तेव्हा मला म्हणाले, "सुटलो बाई एकदाचा! उद्यापासून कोर्ट."

रोज काळा कोट घालून जायचे, दुपारी तसेच परत यायचे. एक पक्षकार फिरकेना. भातं कापून झाली, तरी नाही. जेवताना बोलणंच बंद झालं त्यांचं. मला वाटायचं, काय मेली कृतघ्न माणसं!

एक दिवस आशागडची म्हातारी बाजारात भेटली. तिच्या शेताचा पहिला दावा ह्यांनीच जिंकून दिला होता, आता नव्या दाव्याला दुसरा वकील शोधत होती. मी धरलंच तिला. "का गं, आमच्याकडे यायला काय झालं?"

ती जीभ चावून म्हणाली, "वहिनी, दादा दिल्लीत बसून आला. माझ्या तुकड्यासाठी त्याला उभा करू? लोक थुंकतील माझ्यावर."

घ्या! मोठेपण देऊन देऊन घरी बसवलं होतं सगळ्यांनी माणसाला. मी तिला हाताला धरून घरी आणलं. वकीलपत्रावर तिचा अंगठा घेतल्यावर ह्यांनी मला हाक मारून तो कागद दाखवला, आनंदाने.

तारखेला मीही मागच्या बाकावर जाऊन बसले. न्यायाधीश आमच्या मुलाच्या वयाचा. एक कागद कमी होता, तर म्हणाला, "वकीलसाहेब, तयारी करून येत जा." हे म्हणाले, "चुकलं, साहेब." कोर्टात हे रोजचंच, ह्यांना त्याचं काही नव्हतं. पण म्हातारी उठून रडायलाच लागली. "जाऊ दे माझी जमीन! आमच्या दादाला बोलू नका!"

"मावशी, बस. मला बोलू दे," हे म्हणाले. ती ऐकेना. कोटाची बाही ओढून ह्यांनाच खुर्चीवर बसवायला लागली. आणि हे बसले.

घरी येऊन कोट माझ्या हातात दिला. "माझ्यापायी तिची जमीन जाईल. दुसरा वकील बघून दे तिला."

"चुलीत जाऊ दे तो मोठेपणा!" मी ओरडले.

अजूनही पाड्यावर लग्न असलं की ह्यांना पहिल्या रांगेत खुर्ची असते. नारळ देतात, पाया पडतात. दोन शब्द बोलायला हे उठू लागले की चारजण धावत येतात, "दादा, तुम्ही बसा." मला तिथंच रडू फुटतं.