गवतातले खड्डे
डिझेलचा वास आला की मला पारनेरजवळच्या माळावरचा तो दिवस आठवतो. गावच्या गायरानातली विलायती बाभूळ उपटून आम्ही नवरा-बायकोने तिथे पवन्या, मारवेल ही इथलीच गवतं पेरली होती. गवत गुडघ्याला लागलं, चंडोलांनी त्यात घरटी केली. मग एका सकाळी सरपंचांनी वृक्षारोपणासाठी खड्डे खणायला जेसीबी आणला. मी आडवी गेले, "थांबा, इथं पाखरांची अंडी आहेत." सरपंच हसले, "ताई, नुसतं गवतच हाय की हितं! पडीक रान हिरवं करतोय आमी." दुपारपर्यंत खड्डे खणून झाले, पाहुणे आले आणि पहिलं रोप लावायला सरपंचांनी माझ्या नवऱ्याला बोलावलं. "गावात राहायचंय आपल्याला," असं मला हळूच म्हणून तो गेला. टाळ्या वाजल्या. रोपं उन्हाळ्यात वाळून गेली. आम्ही अजून त्याच गावात राहतो, आणि त्या माळावर मी एकटीच जाते.