प्रेमलताकाकूंचं मानपत्र

कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळात माणसं टिकत नाहीत. बँकेतली, केंद्र सरकारातली मंडळी तीन-चार वर्षांसाठी येतात, गणपतीत आरत्या म्हणतात आणि बदली झाली की बिऱ्हाड गुंडाळून चालती होतात. जाताना मंडळ त्यांना शाल, श्रीफळ आणि मानपत्र देतं. मानपत्र लिहिणार प्रेमलताकाकू. त्या इथेच जन्मल्या, इथेच राहिल्या, त्यांची बदली कोण करणार?

काकूंना स्वतःचं एक पुस्तक लिहायचं होतं. पण मानपत्रांतून सुटका होईल तर ना! त्यात साहेब लोक माहिती देणार ती 'अमुक साली रुजू, तमुक साली बढती' एवढीच. त्यावर काय लिहायचं, कपाळ? मग काकू आपल्याच घरातलं काहीतरी त्यात घालायच्या. वडिलांची पेटी एकाला दिली, आईचं पहाटेचं गुणगुणणं दुसरीला. ज्याला मिळे तो व्यासपीठावर डोळे पुसे. हे माझं नाही असं म्हणायला आजवर कुणी उठलेलं नाही.

बराकपूरच्या वैशालीची बदली झाली तेव्हा काकूंनी बुटांची गोष्ट दिली. नव्या लग्नातली. शरच्चंद्रकाका आणि त्या लोकलने सियालदाला निघाले होते. नवे बूट चावत होते म्हणून काकांनी ते काढून ठेवले आणि रुसलेल्या बायकोसाठी मधल्या स्टेशनात अनवाणीच चहा आणायला उतरले. गाडी सुटली. काकू सियालदाच्या फलाटावर बूट मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मागच्या गाडीने काका आले, हातात चहाचं कुल्हड तसंच धरून. मानपत्रात फक्त नावं बदलली.

पुढे काका गेले. यंदा काकूंना पंचाहत्तर पूर्ण झाली आणि मंडळाने सत्कार ठरवला. सेक्रेटरी सलील मुद्दाम सॉल्ट लेकहून घरी आला. मी शेजारची, तिथेच होते.

"काकू, मानपत्र तेवढं तुम्हीच लिहून द्या ना. तुमच्यासारखं कुणाला जमणार?"

मला संतापच आला. काकू मात्र "देते" म्हणाल्या. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "आभा, ती बुटांची गोष्ट मी परत घेणार आहे. निदान तेवढी तरी माझी राहू दे."

सत्काराच्या दिवशी सलील वाचू लागला. फलाटापर्यंत आला आणि पुढच्या रांगेतून गौरीताई म्हणाल्या, "अहो, ही तर आपल्या वैशालीची गोष्ट! परवा व्हिडिओ कॉलवर सांगताना रडली बिचारी."

कुजबुज सुरू झाली. सलील हळूच वाकला, पण माइक चालू होता. "काकू, चुकून जुना कागद दिलात का?"

खरं सांगावं तर वैशाली खोटी पडणार, आणि आजवर निरोप घेतलेले सगळेच. न सांगावं तर काका पुन्हा हातचे जाणार. मी तावातावाने उठू लागले, तर काकूंनी व्यासपीठावरूनच मान हलवून मला बसवलं.

"हो रे," त्या म्हणाल्या, "हल्ली लक्षात राहत नाही." आणि कागद परत मागून घेतला.

सगळे मायेने हसले. शाल अंगावर पडली. त्या खाली उतरतात तोच सलील म्हणाला, "काकू, क्षितिजची दिल्लीला बदली झालीय. पुढच्या महिन्यात निरोप."

"माहिती पाठव त्याची," काकू म्हणाल्या.

परतताना टॅक्सीत मी भांडलेच. "गप्प का बसलात? गेली ना तुमची गोष्ट!"

"सगळी नाही गेली. वैशालीला देताना मी बूट काळे लिहिले होते. काळे नव्हते ते. खरा रंग आज शेवटच्या ओळीत लिहिला होता, सलील तिथवर पोचलाच नाही." त्यांनी पर्स पोटाशी धरली होती.

"मग कोणता होता?"

टॅक्सी एस्प्लनेडच्या सिग्नलला थांबली होती. काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ते नाही सांगायची. तूही हल्ली लिहायला लागली आहेस."