शून्याची जागा

टोकावड्यापासून मुरबाडपर्यंत टक्क्यांचा माझ्या दाजींइतका राग करणारा दुसरा माणूस सापडणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. टक्के ही आळशी माणसांची भाषा, खरा आकडा दशांशातच, असं त्यांचं ठाम मत. मोबाइलची बॅटरी त्यांच्याकडे 'पॉइंट वीस' उरायची. ढाब्याच्या फळ्यावरची 'दहा टक्के सूट' ते खिशातल्या खडूनं दुरुस्त करत आणि मालक बिचारा ते पुसून पुन्हा लिही. एकदा एसटीचा कंडक्टर दारातूनच ओरडला, "सर, जागा नाय, गाडी शंभर टक्के भरलीय!" "शंभर टक्के म्हणजे एक," म्हणत दाजी वर चढले. "एकच बसलाय ना, त्याला सरकव."

निवृत्तीनंतरही संध्याकाळी त्यांच्या अंगणात मुलं जमत. पाटीवर शिकवणं दाजींना मान्य नव्हतं. मुलांनाच आकडे करून रांगेत उभं करायचं आणि रांगेच्या उजव्या टोकाला दशांशचिन्ह म्हणून एक गोटा ठेवायचा. टक्क्यांचा दशांश करायचा की गोटा दोन घरं डावीकडे. पंचवीस टक्क्यांना दोन मुलं पुरत. पाच टक्के आले की मात्र एक घर रिकामं पडे आणि दाजी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारत, "ये गो, शून्य कमी पडतंय!" पिठाच्या हातांनी ताई तशीच येऊन गोट्याशेजारी उभी राही. "भाकर करपली तर शून्याला बोल लावू नका," ती म्हणे. "तू नाय आलीस तर पाचाचे पन्नास होतील," हे दाजींचं ठरलेलं उत्तर.

मागच्या वर्षी ताई आजारी पडली. कल्याणच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं, वाचण्याची शक्यता पाच टक्के. आत गेल्यावर ताईनं विचारलं, "काय म्हणाले?"

"पॉइंट पाच," दाजी खिडकीकडे बघत म्हणाले.

म्हणजे निम्मी आशा. ज्या चुकीसाठी त्यांनी इतकी वर्षं मुलांचे कान धरले, ती त्यांनी जाणूनबुजून केली. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग हसली. "अहो," ती म्हणाली, "मला हाक मारायची राहिली वाटतं."

दाजींनी तिचा हात धरला. मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर आलो.

भातकापणीच्या आधीच ताई गेली. परवा टोकावड्याला गेलो, तेव्हा अंगणात मुलं उभी होती. पाच टक्क्यांचं गणित आलं, गोटा सरकला. एका मुलीनं विचारलं, "सर, शून्याला मी येऊ?"

"नको गो. ती जागा तशीच ठेव."

दाजी स्वयंपाकघराकडे पाठ करून उभे होते. गोटा आणि पाचाचा मुलगा यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढं सारवलेलं अंगण मोकळं राहिलं, आणि मुलं एका सुरात म्हणाली, "पॉइंट शून्य पाच."