मला न आवडलेली कादंबरी

गेल्या वर्षी मी इतक्या कादंबऱ्या वाचल्या की कुठल्या कादंबरीतली बाई नदीत उतरली आणि कुठल्यातली विमानात बसली, हे आता आठवून सांगावं लागतं. वाचत होते म्हणण्यापेक्षा संपवत होते. एक मिटली की हात लगेच दुसरीकडं. ऑफिसात डबा खाताना, घरी गॅसपाशी उभ्या उभ्या, नळाला पाणी आलं की मोटार लावून गच्चीच्या पायरीवर. नवरा शाळेत शिकवतो. घरी आला की विचारायचा, "आता कोणतं वाचायलीस?" मी सांगायचे. "कसंय?" "ठीक." ह्या ठीकच्या पुढं वर्षभरात फारसं काही गेलं नाही.

वाचायला घेतलेली पुस्तकं साधीसुधी नव्हती. सगळीकडं चर्चा असलेली, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघालेली, मोबाईलवर कुणी ना कुणी हातात धरून डोळ्यांत पाणी आणलेली. एक खुनाची होती. समुद्राकाठच्या एका घरात पाहुणे जमतात आणि एकेक करून मरतात. ती मी जेवणखाण विसरून वाचली आणि शेवटी खुनी निघाला जुळा भाऊ. ज्या भावाचा आधी साधा उल्लेख नाही, तो शेवटच्या प्रकरणात येऊन सगळं कबूल करतो. मला फसवल्यासारखं वाटलं. एक जाडजूड ऐतिहासिक होती. तिच्यातल्या राण्या मुदपाकखान्यातसुद्धा सत्काराला उत्तर दिल्यासारख्या बोलायच्या. आणि एक आमच्याच मराठवाड्यातली होती. ती मी मोठ्या आशेनं उघडली. पण तिच्यातल्या बायका तोंड उघडण्याआधी उसासा टाकायच्या, आणि गावात कुणीही कुणाची थट्टा करत नव्हतं. परभणीच्या बाजारात एक सकाळ काढली तरी कळतं, आमच्याकडं थट्टेवाचून कांदासुद्धा विकला जात नाही.

अशी सगळ्यांवर चिडत मी वाचत होते. चिडले तरी सोडून देत नव्हते. काहीतरी हवं होतं, ते मिळत नव्हतं, आणि काय हवंय तेही सांगता येत नव्हतं.

त्याच दिवसांत सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या मूळच्या झरीच्या, शेतकरी घरातल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या. वाचन म्हणजे दुपारची पोथी, तीही अर्धी पाठच. डोळ्यांतलं धुकं गेल्यावर त्या दिसेल ते वाचायला लागल्या. औषधाच्या खोक्यावरचं, मसाल्याच्या पाकिटावरचं, समोरच्या भिंतीवर चिकटवलेल्या क्लासच्या जाहिरातीतलं. मला गंमत वाटायची. मग एक दिवस माझी कादंबरी सापडेना. शोधत गेले तर ती त्यांच्या उशाशी होती आणि तिच्यात खुणेला एसटीचं तिकीट घातलेलं, बरंच पुढं.

ही कादंबरी म्हणजे त्या वर्षातली सगळ्यात गाजलेली. पंचावन्न वर्षांची एक बाई एका सकाळी चहाचा कप धुऊन ठेवते, पायात चपला घालते आणि घर सोडून जाते. दूर डोंगरात एका लहान गावात राहते, तिथं येणाऱ्याजाणाऱ्यांना खाऊ घालते, हळूहळू चित्रं काढायला लागते. शेवटी नवरा शोधत येतो, रडतो, आणि ती त्याला पाणी देऊन परत पाठवते. मी ती दोन बैठकींत वाचली होती आणि मला ती अजिबात पटली नव्हती.

"आई, ही वाचताय व्हय?" मी विचारलं.

"वाचायलेय. पुढं काय होतं ते सांगू नको."

"सांगत नाही. पण खोटी आहे सगळी."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "खोटी म्हंजे?"

मी तोंड सोडलं. ती बाई जिथं जाते तिथं सगळे चांगलेच भेटतात. खोली फुकटात मिळते. सूर्य तिच्या खिडकीतच उगवतो. तिला सर्दीसुद्धा होत नाही. लेखिकेनं तिला घराबाहेर काढलं आणि मग तिला काही होऊ नये म्हणून स्वतःच मागं मागं छत्री धरून चालली. असं कुठं असतं का?

त्या शांतपणे ऐकत होत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "आवडली न्हाई, तर मग येवढ्या लवकर संपवलीस कशी?"

मी भाजी चिरायला निघून गेले.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर दाराला कुलूप. किल्ली शेजारच्या वहिनींकडं. त्या म्हणाल्या, "आई दुपारी गेल्या. हातात पिशवी होती. मी म्हणलं, बाजारात का? तर नुसत्या हसल्या." आत येऊन बघितलं. त्यांच्या दोन साड्या नव्हत्या, गोळ्यांचा डबा नव्हता. मोबाईल मात्र चार्जिंगला लावलेला, तिथंच. उशाशी हात घातला. कादंबरी नव्हती.

नवरा आला. आम्ही दोघांनी फोन सुरू केले. झरीला दिराकडं, कॉलनीतल्या भजनी मंडळात, दवाखान्यात. तो स्कूटर काढून मंदिराकडं जाऊन आला. मी दारातून फाटकापर्यंत आणि फाटकापासून दारापर्यंत फिरत राहिले. दिवेलागणीला पूर्णेहून फोन आला. तिथं त्यांची धाकटी बहीण, आमच्या मावशी, राहतात. मावशींचे यजमान रेल्वेत होते. निवृत्तीनंतर त्यांनी स्टेशनापासून जवळच घर बांधलं आणि दोन वर्षांपूर्वी ते गेले. आता मावशी एकट्याच असतात.

"ताई हितं हाय," मावशी म्हणाल्या. "गाडीनं आली. जेवायलीय."

नवऱ्यानं आईला फोनवर बोलावलं. त्या आल्या आणि म्हणाल्या, "काही झालं न्हाई रे. ऱ्हाते जरा." आणि फोन ठेवला.

त्यानं फोन टेबलावर ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "ही तुझी पुस्तकं."

मला राग आला. पण रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं. ते काय ते बघायला मला तेव्हा धीर झाला नाही.

काही दिवस आम्ही वाट बघितली. मग एका रविवारी तो आणायला गेला आणि एकटाच परत आला. "यायचं न्हाई म्हणती. चहा दिला, पोहे दिले आणि गाडीची वेळ सांगितली." इतकंच बोलला. दिवसभर चिडून टीव्हीचे चॅनेल बदलत राहिला. त्याला समजत नव्हतं. आमच्या घरात भांडण नव्हतं. आईला कुणी कधी टाकून बोललं नव्हतं. डॉक्टर वेळेवर, गोळ्या वेळेवर, जेवण गरम.

शेवटी मीच गेले. सुट्टी काढली, परभणी स्टेशनवर गाडीत बसले. पिशवीत एक नवी कादंबरी होती, डॉक्टर आणि नर्सच्या प्रेमाची. उघडली. पिंगळी स्टेशन गेलं, तरी मी पहिल्याच पानावर. तोच परिच्छेद परत परत वाचत होते. मनात दुसरंच चाललं होतं. त्यांच्याशी काय बोलायचं ते जुळवत होते. घर मोकळं वाटतं म्हणावं, की लोक विचारतात म्हणावं, की नुसतं चला म्हणावं?

मावशींच्या घराचं फाटक उघडलं तेव्हा वाचण्याचा आवाज येत होता. अंगणात बाजेवर मावशी पडलेल्या, डोळ्यांवर पदर. शेजारी खुर्चीत सासूबाई माझी कादंबरी मोठ्यानं वाचत होत्या, पोथीच्या चालीत, वाक्याच्या शेवटी जराशी लांबण लावून. त्या चालीत त्या डोंगरातल्या बाईची सकाळ ऐकताना मला हसू आलं.

मला बघून त्या थांबल्या. "आलीस का? बस. येवढं पान होऊ दे."

मी बसले. पान झालं. मावशींनी पदर बाजूला केला. "त्या बाईचे गुडघे दुखत न्हाईत का गं? सारखी चढ चढायलीय."

"मी हेच म्हणत होते," मी म्हणाले.

"दुखत असतील," सासूबाई म्हणाल्या. "सगळं कशाला लिवायचं? वाचणारीचे दुखतेत तेवढे बास हायत."

मावशी चहा करायला आत गेल्या. मी जुळवून आणलेलं काहीच तोंडातून निघेना. म्हणून सरळ विचारलं, "आई, आमचं काय चुकलं?"

"काहीच न्हाई."

"मग न सांगता का निघालात? तुम्ही सांगितलं असतं तर आम्ही नको म्हणालो असतो का?"

"नको म्हणला नसता. मला ठाव हाय." त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. "तुमी सोडायला आला असता. डबा दिला असता. पोचल्यावर फोन कर म्हणला असता. मग ते जाणं कशाचं? ते तर पोचवणं झालं."

मी खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली.

"लगीन झालं तवा बापानं पोचवलं," त्या म्हणाल्या. "माहेरी गेले तर दीर सोडायला. दवाखान्यात तुमी. आपल्या हातानं तिकीट काढून आपण गाडीत बसलो, असं कधी झालंच न्हाई. त्या दिवशी बसले. खिडकीपाशी जागा मिळाली. लय भ्या वाटलं. पूर्णा आली तवा उतरू वाटंना."

"ही कादंबरी वाचून सुचलं का?"

"कुणाला ठाव. आदीबी असंल मनात. पर हिनं चहाचा कप धुतला आन् चपला घातल्या, ते वाचलं आन् मला वाटलं, येवढंच असतंय व्हय? चपलाच तर घालायच्या."

मला ते पान आठवलं. त्यावर मी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'फार सोपं केलंय.' त्यांनी ते वाचलं असणारच.

पण मला हेवा वाटला, खरंच वाटला. त्या एका पुस्तकानं त्यांना उठवून गाडीत बसवलं होतं. माझ्या हातून वर्षभरात कपाटभर पुस्तकं गेली आणि मी एकदाही गॅसपासून फाटकापर्यंतसुद्धा हलले नव्हते. कोणत्या पुस्तकात कुठं खोट आहे ते मी पटकन सांगू शकत होते. ते कौशल्यच माझ्या आड येतंय की काय, असं त्या अंगणात पहिल्यांदा वाटलं. तरीही, सांगायला हवं, कादंबरीबद्दलचं माझं मत बदललं नाही. मी त्यांना तसं म्हणालेसुद्धा.

"शेवट तरी पटला का तुम्हाला? नवरा येऊन रडतो ते?"

"शेवट आजून आला न्हाई. तू सांगून टाकलंस बघ," त्या म्हणाल्या. मी जीभ चावली. त्यांनी जरा विचार केला. "रडतो? कशाला रडंल? आपला पोरगा आला होता रविवारी. आदी इचारलं, गोळ्या घेतल्यास का. मग इचारलं, कदी यायलीस. रडणारी माणसं येगळी असतेत."

मावशी चहा घेऊन आल्या. आम्ही तिघी बराच वेळ बसलो. माझ्या गाडीची वेळ झाली, गेली, मी उठले नाही. मग पुढचं प्रकरण मी वाचलं. मावशी मधेमधे हुंकार देत होत्या. सूर्य तिच्या खिडकीत उगवला तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं, आणि दोघींनाही हसू आवरेना. मावशींना काही कळेना. "काय झालं? कोण मेलं का?" त्या विचारत राहिल्या.

त्या दिवशी त्या माझ्याबरोबर आल्या नाहीत. मी चला म्हणालेही नाही. पुढं बऱ्याच दिवसांनी एका दुपारी स्वतःच आल्या. रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालत फाटकात उभ्या होत्या. आल्या त्या पोळ्यांना बसल्या, जणू बाजारातूनच आल्या आहेत. आता मधूनच त्या पूर्णेला जातात. कधी सांगतात, कधी शेजारच्या वहिनींकडं किल्ली ठेवतात. मोबाईल बरोबर नेतात, एवढं आमचं ऐकलं. पुस्तकंही मागतात. मी ती खुनाची दिली होती. थोडी पानं वाचून परत केली. "ह्यात समदेच लबाड हायत. कुणाची काळजीच वाटंना," म्हणाल्या. ह्या एका मतावर आमचं पूर्ण जुळलं.

माझं वाचन अजून तसंच आहे. बेजार होऊन वाचते, मिटते, दुसरं उघडते. ऑफिसात फाईल पुढं ओढताना कधीकधी मनात गाड्यांच्या वेळा येतात. नांदेडकडं जाणारी, मनमाडकडं जाणारी. कुठं जायचं ते ठरत नाही. मग कुणीतरी सही मागायला येतं.

मागच्या रविवारी सासूबाई पूर्णेला होत्या. ती कादंबरी टेबलावर पडली होती. नवऱ्यानं उचलली, म्हणाला, बघू तर काय आहे. दुपारपासून वाचत बसला. तो कादंबऱ्या वाचत नाही. मी इस्त्री करत होते. अर्ध्यात आल्यावर त्यानं मान वर केली.

"ह्या नवऱ्याचं नाव काय गं?"

"कोणत्या?"

"हिच्या. घरी राहिलेल्या. आत्तापर्यंत कुठं आलंच न्हाई."

मी आठवून बघितलं. डोंगरात येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं होती, दूधवाल्याचं होतं, कुत्र्याचंसुद्धा होतं. नवऱ्याचं नव्हतं. इतक्या बारकाईनं दोष काढून माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

"दिलंच नाही बहुतेक," मी म्हणाले.

"मुद्दाम?"

"माहीत नाही."

त्यानं मागची दोनचार पानं चाळून बघितली. मग पान उलटून पुढं वाचायला लागला.