तांड्यावरचा पुसलेला संगणक

महागावच्या स्टँडवर उतरलो तेव्हाच मी वैतागलो होतो. ग्रामपंचायतींच्या संगणकांना सायबर सुरक्षा देण्यासाठी राज्य सरकारनं निधी दिला आहे, आणि ती बसवत गावोगाव हिंडणारा पुण्याचा माणूस म्हणजे मी. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वर ऊन, आणि रिक्षा वाटेतच पंक्चर. शेवटचा टप्पा पायी तुडवला.

तांडा (बंजारा वस्ती) लहानसाच. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, कॅलेंडरखाली, संगणकाचा पासवर्ड चक्क खडूनं लिहिलेला.

"हे काय, ताई?" मी ऑपरेटर प्रज्ञाताईंना विचारलं.

"मी तीन गावं पाह्यते, सर. मी नसली तं लोकाईनं हात हालवत वापस जावं काय? ज्याले दाखला पायजे, तो काढून घेते."

अशीच कुणीतरी एक भलती फाईल उघडली आणि तिच्यातल्या व्हायरसमुळे महिनाभरापासून संगणक कुलूपबंद पडला होता. मी ताईंना चांगलं झापलं. दाखले सगळे ऑनलाइन आहेत ना, एवढं विचारलं, त्या हो म्हणाल्या, आणि मी डिस्क पुसून सगळं नवं भरलं. मग त्यांच्याच डब्यातली भाकर-ठेचा मजेत खाल्ला.

हात धुतो तोच सत्तरीचे लालसिंगबापू दारात.

"चालू झालं म्हन्ते. मंग पोरीच्या याडीचा (आईचा) फोटो काढून द्या न."

ताईंचा चेहरा उतरला. पेन्शनच्या अर्जासाठी त्यांनी बापूंच्या म्हातारीचा फोटो याच संगणकावर काढला होता. अर्ज जायच्या आत ती गेली.

"माह्याच ध्यानात नाही राह्यलं, बापू," त्या हळूच म्हणाल्या.

"आधारवर फोटो असेल की," मी म्हणालो.

"त्याच्यात ती वळखूच येत नाही, भाऊ. इथं हासली होती."

कुलूप होतं तोवर फोटो निदान आत तरी होता. कधीतरी कुणी उघडलाही असता. मी तो पुसला होता, आणि तसं बापूंना सांगताना मला फार लाज वाटली.

बापू पागोटं सारखं करून कॅमेऱ्यासमोर बसले.

"माहा तरी काढा. कागदावर द्या. पोरीले माह्या मांगं शोधा नाही लागला पायजे."

"हासा न, बापू," ताई म्हणाल्या. पण बापूंना जमलं नाही.

परतीच्या बसमध्ये अहवाल काढला. 'गहाळ माहिती' या रकान्यात मी आजवर प्रत्येक गावापुढे 'निरंक' लिहीत आलो होतो, गावातल्या कुणालाही न विचारता. त्या गावांत मी कुणाचं काय पुसलं, हे मला आता कधीच कळणार नाही.