क्रिसच्या टोकाचे दोन इंच

गेल्या खंडेनवमीला सकाळी, अमेरिकेतल्या नोव्हाय गावी करंदीकर काकांच्या गॅरेजमध्ये एका क्रिसवरची नक्षी गेली. सोमवारी काका तो टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या लॅबमध्ये घेऊन आले.

क्रिस म्हणजे जावा बेटावरची नागमोडी कट्यार. हा काकांचा नव्हता. त्यांच्या कामावरच्या एका इंडोनेशियन मित्राने आजारपणात तो त्यांच्याकडे सांभाळायला दिला होता. मित्र वारला. त्याची मुलगी इंदाह शनिवारी तो न्यायला येणार होती.

मी मेटलर्जिस्ट आहे. गाड्यांचे तुटलेले पार्ट तपासतो. त्या आठवड्यात टेबलावर आधीच रांग होती.

"घरात खरं शस्त्र हे एकच," काका म्हणाले. "काळं पडलं होतं. पूजेआधी लिंबू-मीठ लावून तारेच्या घासणीने घासलं. लख्ख झालं, पण नक्षी गायब."

माझ्या मॅनेजरने विचारलं, "कंपनीचं काम आहे? जॉब नंबर?"

"नाही."

"मग लंच ब्रेकमध्ये कर."

क्रिसची नक्षी कोरलेली नसते. लोहार साधं लोखंड आणि निकेल मिसळलेलं लोखंड एकत्र तापवून ठोकतो, घडी घालून पुन्हा ठोकतो. मधे पोलाद, दोन्ही बाजूंना हे थर. शेवटी लिंबाचा रस आणि सोमल, म्हणजे आर्सेनिक, लावतात. लोखंड काळं पडतं, निकेल पांढरं राहतं आणि नक्षी दिसते. काकांनी फक्त काळेपणा काढला असेल, तर थर जागेवर असणार होते.

मुठीजवळ, घासलेल्या पण सहज नजरेत न येणाऱ्या जागी मी ॲसिडचा एक थेंब टाकला. मायक्रोस्कोपखाली रेघा दिसल्या; तिथले थर शाबूत होते.

"मग सगळ्या पात्यालाच लाव की," काका म्हणाले.

"इंदाहला विचारल्याशिवाय नाही."

"तिला कळायला कशाला हवं रे?"

मी पातं पुढे सरकवलं. टोकाकडे सरळ, समांतर ओरखडे होते. कॅलिपरने मोजलं. जाडी लगेच मागच्या भागाच्या निम्मी भरली.

"हे हाताने होत नाही, काका."

"गंजाचा ठिपका होता," ते म्हणाले. "सँडरचं घासायचं मशीन फिरवलं. टोकालाच फक्त."

"तिथले थर गेले. ते परत येणार नाहीत."

"चाळीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढली मी."

"हो."

शनिवारी त्यांनी मलाही घरी बोलावलं. काकूंनी पोहे केले होते. इंदाहने पातं खिडकीच्या उजेडात धरलं. काकांनी तिला लिंबाचं आणि घासणीचं सांगितलं.

"लिंबाचं काही नाही, अंकल," ती म्हणाली. "आम्हीसुद्धा दरवर्षी लिंबानेच धुतो. नक्षी परत आणता येते."

काकांना तिथे थांबता आलं असतं. त्यांनी सँडरचंही सांगितलं.

इंदाहने पात्याचं टोक पुन्हा उजेडात धरलं. मग विचारलं, "कुठपर्यंत?"

काकांनी बोट ठेवून दाखवलं. तिने पातं गुंडाळलं आणि नेलं.

जानेवारीत तिने फोटो पाठवला; जावामधल्या एका कारागिराने पात्याला पुन्हा लिंबू आणि सोमल लावला होता. मुठीपासून पुढे नक्षी परत आली आहे. टोकाचे दोन इंच कोरे आहेत.