तांत्रिक साहाय्याबद्दल आभार

आमच्या साहेबांची आठवण झाली की मला अजून किळस येते. गालाच्या कॅन्सरवरचे मोठे संशोधक, आणि स्वतःच्या गालात दिवसभर तंबाखू! पिंक टाकायची ती कुठे, तर प्रयोगशाळेच्या मोरीत, जिथे अक्का काचपट्ट्या धुवायची. शी! ती बिचारी आधी मोरी घासायची, मग काचपट्ट्या.

साठच्या दशकातली गोष्ट. मी मॅट्रिक होऊन तिथे टायपिस्ट लागले होते, बसवनगुडीहून बसने जायचे. अक्का तिथली संशोधक, आमच्यासारख्याच बेंगळुरातल्या जुन्या मराठी घरातली. गालात तंबाखू-चुना धरणाऱ्या बायकांच्या गाठींवर ती दोन वर्षं राबली. देवनहळ्ळीकडच्या खेड्यांत जाऊन त्या बायकांना समजावून आणलं तिनंच; साहेबांपुढे त्या तोंड उघडायला तयार नसत. तपासणं तिचं, नोंदी तिच्या, लेखही तिनंच लिहिला. तिची नेमणूक तात्पुरती होती. कायमची जागा निघणार होती, पण त्यासाठी स्वतःच्या नावावर छापलेला एक तरी लेख हवा होता. घरी विधवा आई, दुसरं मिळवतं कोणी नाही.

लेख मी टाइप केला. आधी तिचं नाव, मग साहेबांचं. कुणीही लिहो, साहेबांचं नाव लागायचंच, तशी तिथली पद्धतच होती. साहेबांनी पान पाहिलं, पेन्सिलीनं तिचं नाव खोडलं.

"हिला शेवटी आभारात घाल. तांत्रिक साहाय्याबद्दल. उद्या लग्न करून जाईल, हिला नाव घेऊन काय करायचंय?"

जळ्ळं मेलं ते लक्षण! पण मी "हो सर" म्हणाले आणि पान पुन्हा टाइप केलं.

लेख परदेशातल्या मासिकात छापून आला आणि पोस्टकार्डं यायला लागली. तेव्हा लेखाची प्रत हवी असली की लेखकाला कार्ड टाकून मागायची रीत होती. जर्मनी, जपान, अमेरिका! साहेब ती कार्डं टेबलाच्या काचेखाली मांडायचे आणि येईल त्या पाहुण्याला दाखवायचे. कुणी कार्डावर शंका विचारली, की ते कार्ड गुपचूप अक्काच्या टेबलावर. उत्तर तिचं, सही साहेबांची. डोंबलाचे संशोधक!

मग त्या जागेच्या मुलाखती ठरल्या. आदल्या दिवशी दुपारी अक्का माझ्याकडे आली.

"स्वल्प काम होतं ग. लेखाची पहिली कार्बन प्रत असेल ना तुझ्याकडे? माझं नाव असलेली? उद्या दाखवते. तेवढाच पुरावा आहे मला."

होती. माझ्याच खणात होती. पण ती मी दिली हे साहेबांना कळायला कितीसा वेळ? माझ्या नोकरीवर दोन भावंडं शिकत होती.

"फाडून टाकली ग अक्का," मी म्हणाले.

तिनं खणाकडे पाहिलं. माझा हात त्याच्या कडीवर होता.

"सरी, बरं," ती म्हणाली. "तुझी नोकरी राहू दे."

मुलाखतीत तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. जागा दुसऱ्याला मिळाली. आणि ती प्रत? ती मी आदल्याच संध्याकाळी घरी नेऊन बंबात घातली होती, तिनं पुन्हा मागू नये म्हणून.